समुद्रावरची मोहरी

प्रश्न : सर, मुलीकडे पोर्तुगालला गेले होते. लिस्बनजवळ समुद्रावर, भरतीच्या रेषेपाशी कोरड्या वाळूत जाड पानांची झुडपं दिसली. फुलं फिकट जांभळी. पान चुरगळलं तर फेसलेल्या मोहरीचा झणका! चार शेंगा रुमालात बांधून आणल्यात. नागपुरात कुंडीत येतील का?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ताई, नाकाने बरोबर ओळखलंत. झुडूप मोहरीच्याच कुळातलं, नाव काकिले मारिटिमा. इंग्रजीत ‘सी रॉकेट’. हे रॉकेट म्हणजे अग्निबाण नव्हे, त्या नावाची तिखट पालेभाजी! फुलात चार पाकळ्यांची फुली आणि सहा पुंकेसर, त्यातले दोन आखूड, ही कुळाची खूण. भरतीने टाकलेलं समुद्रशेवाळ कुजतं, तेच याचं खत.

खरी गंमत शेंगेत आहे. मोहरीची शेंग वाळली की तडकते. मुळ्याची डिंगरी तडकत नाही. ही शेंग डिंगरीच्या वळणाची, पण मध्ये सांधा असलेली. वरचा तुकडा सुटतो आणि बुचासारखा तरंगत दूर जातो. आइसलँडजवळ 1963 मध्ये ज्वालामुखीतून सुर्तसी बेट वर आलं. 1965 मध्ये तिथे उगवलेलं पहिलं फुलझाड काकिलेचंच होतं. खालचा तुकडा मात्र आईला चिकटून राहतो आणि तिच्याचजवळ वाळूत रुजतो. म्हणजे भावंडं शेजारीशेजारी. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये याच्या अमेरिकन भावाची, काकिले एडेंटुलाची, रोपं कुंड्यांत लावून पाहिली. एका कुंडीत परकी रोपं असली की मुळं वाढली, सख्खी असली की आवरती राहिली. आमच्या गल्लीत नळावर इतका समजूतदारपणा मी कधी पाहिला नाही.

आता तुमचा रुमाल. रागावू नका, पण त्या शेंगा पेरू नका, चुलीत टाका. परदेशी बी परवान्याशिवाय आणता येत नाही. नागपुरात कुठला आलाय समुद्र, असं तुम्ही म्हणाल. पण हीच झाडं ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात बाहेरून पोचली आणि किनारे धरून बसली.

हौस असेल तर यंदाच्या थंडीत कुंडीत मुळा लावा आणि एक न उपटता राहू द्या. फुलात तीच फुली दिसेल. कोवळ्या डिंगऱ्या परतून खा, दोन-चार वाळू द्या. मग एक फोडून आतला भुसभुशीत गर बघा.