बी.एस्सी. फिजिक्स करून शाळेत शिकवायचं असेल तर

तुझा प्रश्न असा, की एस.वाय. फिजिक्सला आहेस, पुढे नववी-दहावीला शिकवायचंय, मग क्वांटम मेकॅनिक्सपर्यंत सगळं इतकं खोलात कशाला शिकायचं? आणि एम.एस्सी. करावी की थेट बी.एड.? मी एकवीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतोय. वयाने मोठा, म्हणून एकेरीत लिहितो.

आधी व्यवहाराचं. नववी-दहावीला बी.एस्सी., बी.एड. पुरतं. बी.एड. दोन वर्षांचं, प्रवेश सीईटीतून. सहावी ते आठवीही चालणार असेल तर टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर लागतो. भरतीसाठी अभियोग्यता चाचणी द्यायची आणि पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावर, अर्ज करायचा. अनुदानित शाळेत लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला महिना 18,000 रुपये मानधन. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव. अकरावी-बारावीला शिकवायचं मनात असेल तर मात्र एम.एस्सी. हवीच.

शाळेत नुसत्या फिजिक्सचा शिक्षक नसतो. दहावीच्या विज्ञानाच्या भाग 1 मध्ये गुरुत्वाकर्षण आणि भिंगांच्या जोडीला धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगंही आहेत, शिवाय गणिताचे तास बहुतेक वेळा आपल्याच गळ्यात पडतात. केमिस्ट्री आणि गणित परीक्षेपुरतं उरकू नकोस.

आता खरा मुद्दा. पहिल्याच वर्षी दहावीला भिंगं शिकवत होतो. 10 सेंमी नाभीय अंतराचं बहिर्वक्र भिंग, 20 सेंमीवर मेणबत्ती, पलीकडे तेवढ्याच अंतरावर पडदा. ज्योतीची उलटी, तेवढीच मोठी प्रतिमा पडली. एका मुलीने विचारलं, ‘सर, अर्धं भिंग पुठ्ठ्याने झाकलं तर?’ मी म्हणालो, अर्धी प्रतिमा जाईल. तिने पुठ्ठा धरला. अख्खी ज्योत तशीच, फक्त अंधुक! ऑप्टिक्समध्ये मला उत्तम गुण होते, पण फळ्यावर काढतो ते दोन किरण फक्त प्रतिमेची जागा शोधायला असतात, प्रत्यक्षात ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासूनचा प्रकाश सबंध भिंगावर पडतो, हे मनात कधी उतरलंच नव्हतं. त्या दिवसापासून प्रयोग स्वतः करून पाहिल्याशिवाय मी वर्गात उत्तर देत नाही.

खोलात शिकायचं ते याच्यासाठी. क्वांटम मेकॅनिक्समधलं श्रोडिंगरचं समीकरण मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. पण दिवाळीनंतर मुलं हमखास विचारतात, भुईनळ्यात हिरवा रंग कुठून येतो? बेरियममुळे, एवढं सांगून गप्प बसता येतं. पण बेरियमला हिरवाच आणि स्ट्रॉन्शियमला लालच का, या पुढच्या प्रश्नाला इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचे स्तर माहीत असावेच लागतात, आणि ते क्वांटम मेकॅनिक्समधूनच कळतात.

आणि भाषा! आपण कॉलेजात सगळं इंग्रजीत शिकतो. मराठी माध्यमात शिकवणार असशील तर संवेग (मोमेंटम), अपवर्तनांक (रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स), अप्रकट उष्मा (लेटंट हीट) हे शब्द तोंडात बसायला हवेत. चाल (स्पीड) आणि वेग (व्हेलॉसिटी) यांतला फरक तर रोजच्या बोलण्यातलीच उदाहरणं घेऊन समजवावा लागतो, कारण एसटीच्या चालीलाही आपण वेगच म्हणतो. बालभारतीची आठवी ते दहावीची पुस्तकं आजच आणून ठेव. कॉलेजात जो धडा चालू असेल, तोच त्यांतून मोठ्याने वाच, आणि घरातल्या लहान भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला समजावून बघ. पुढच्या प्रॅक्टिकलला भिंग हातात येईल तेव्हा पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन जा.