माइक नंतर, आधी गोधडी

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. स्वतः गाणी लिहिते, चाली लावते, पेटीवर वाजवते. आता माइक, ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आणि नवा लॅपटॉप हवा म्हणते. खर्च 60 हजारांच्या घरात जातो. कमावणारी मी एकटीच. नाही म्हटलं तर तिचं नुकसान होईल का? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, 60 हजार आज खर्च करू नका. त्यानं तिचं काही अडणार नाही. पण रेकॉर्डिंगचा नादच सोड, असं मात्र तिला म्हणू नका.

डेमो, म्हणजे गाण्याचं नमुन्याचं रेकॉर्डिंग, ऐकणारा संगीतकार बघतो ते एवढंच : शब्द कळतात का, सूर पक्का आहे का, मुखडा लक्षात राहतो का. हे टिपायला घरातला मोबाइल पुरतो. घरचं रेकॉर्डिंग बिघडतं ते बहुतेक वेळा खोलीमुळे. उघड्या भिंतींवर आदळून आवाज परत येतो आणि गाणं मोरीत म्हटल्यासारखं वाटतं. कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळचा कोपरा निवडा, दोरी बांधून मागे नि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या सोडा. फरक तिला पहिल्याच ओळीत ऐकू येईल. गोधडी बाहेरचा आवाज अडवत नाही, म्हणून वेळ रात्री उशिराची किंवा पहाटेची. पंखा बंद, फ्रीजपासून लांब, फोन एअरप्लेन मोडवर.

फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला ठेवायचा. समोर धरला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा धक्का बसतो. फार मोठ्यानं गाऊन रेकॉर्डिंगमध्ये आवाज फुटला तर तो नंतर दुरुस्त होत नाही, तेव्हा सगळ्यात चढी ओळ आधी गाऊन तपासावी. फाइल शक्यतो वेव्ह (WAV) स्वरूपात, त्यात आवाज दाबला जात नाही.

पेटी आणि गळा एकदम रेकॉर्ड केला की पेटी गळ्यावर चढते. दोन फोन वापरा, दुसरा शेजारून मागितला तरी चालेल. आधी मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक देणाऱ्या साधनावर, पेटी, सुरुवातीला चार टाळ्या देऊन. मग ते पेटीचं रेकॉर्डिंग इयरफोनमध्ये ऐकत, त्याच टाळ्या देत, दुसऱ्या फोनवर गायचं. इयरफोन वायरचाच हवा, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. टाळ्या जुळवून दोन्ही फाइली ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करता येतात. ते फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं.

अशी पाच-सहा गाणी पूर्ण होऊ द्यात. पूर्ण म्हणजे मुखडा, अंतरे, शेवट, सगळं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांकडे सामान असतं, पुरं झालेलं गाणं नसतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. नंतर साधा डायनॅमिक माइक (मुख्यतः जवळचा आवाज टिपणारा) आणि छोटा इंटरफेस घ्या. स्टँड-केबलसकट 8 ते 10 हजारांत जमतं. कंडेन्सर माइक नको. तो खोलीतली प्रत्येक खुडबुड टिपतो. लॅपटॉप कॉलेजसाठी लागेल तेव्हाच.

गाणं कुणाला पाठवण्याआधी शब्द आणि फाइल स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवायला सांगा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर तारखेचा पुरावा उपयोगी पडतो.

पुढे ध्वनीच्या क्षेत्रातच जावंसं वाटलं तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा अभ्यासक्रम आहे. तो पदवीनंतरचा आहे आणि त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र लागत आलं आहे. त्यामुळे तिनं फिजिक्स सोडायचा विचार केला, तर तेवढं थांबवा.