तीन फायली घरीच ठेवा

प्रश्न : मॅडम, आम्ही निलंगा तालुक्यातले. मुलगी यंदा दुसऱ्यांदा नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) देणार आहे, सेंटर नांदेडला आलंय. गेल्या वर्षी गेटवर तिच्या केसांतली पिन काढायला लावली, ती रडली आणि पेपर गेला. आत सोडताना मी तिला एवढंच म्हटलं होतं, ‘दीड लाख फी भरलीय, लक्षात ठेव.’ यंदा तिला सांगून ठेवलंय की हे शेवटचं, नंबर लागला नाही तर लग्न. तिला स्वतःचं काही सुचत नाही, म्हणून फॉर्म मीच भरला. लॉगिन, पासवर्ड माझ्याकडेच असतो. जातीचा दाखला, जातपडताळणीची व्हॅलिडिटी, उत्पन्नमर्यादेचं नॉन-क्रिमिलेअर, रहिवासाचं डोमिसाइल, दहावी-बारावीचे मेमो (गुणपत्रकं) अशा मूळ कागदांच्या तीन फायली केल्यात. घरचे सात जण गाडी करून जाणार आहोत. परीक्षेला काय काय न्यायचं, याची पक्की यादी द्यावी.

उत्तर : यादी देते, पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला पुढं जाऊ देत नाही.

गेल्या वर्षीच्या गेटवरच्या दोन गोष्टी तुम्ही लिहिल्या आहेत. एक केसांतली पिन आणि दुसरी दीड लाखांची आठवण. पेपर गेल्याचं खापर तुम्ही पिनेवर फोडलंत. ती नेमकी कशानं रडली, हे तिलाच विचारावं लागेल. तुम्ही विचारलंत का? पत्रात तरी तसं दिसत नाही. पिन काढायला दहा सेकंद लागतात. ते वाक्य मात्र ती आत घेऊन गेली. तिच्यापुढं १८० मिनिटांत १८० प्रश्न, एका चुकीला एक गुण वजा आणि एकदा रंगवलेला गोल बदलता येत नाही अशी ओएमआर उत्तरपत्रिका. एखाद्या प्रश्नावर अडली की मनात काय आलं असेल? पुढचा प्रश्न की फीची पावती?

आणि यंदा त्यात लग्नाची भर. तुमचं पैशाचं ओझं खरं आहे. क्लासची फी, होस्टेल, खानावळ भरताना शेतकरी घराचा जीव कसा मेटाकुटीला येतो, हे मी रोज ऐकते. पण लग्न ही नापास होण्याची शिक्षा म्हणून मुलीपुढं ठेवणं चुकीचं आहे, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. तिनं जास्त अभ्यास करावा म्हणून तुम्ही ते बोललात, असं मी धरून चालते. त्यानं अभ्यास वाढत नाही, भीती वाढते. घाबरलेली मुलं येत असलेली उत्तरंही दोनदोनदा तपासत बसतात आणि शेवटचे वीस प्रश्न वाचायचे राहून जातात. परीक्षेच्या आधी हा शब्द परत घ्या, आणि तिच्या आईसमोर घ्या, म्हणजे तिला खरं वाटेल.

‘शेवटचं’ हेही खरं नाही. याच नीटच्या गुणांवर आपल्याकडं बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि फिजिओथेरपीला प्रवेश होतो. बीएस्सी नर्सिंगची राज्याची वेगळी सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा आहे. बी.फार्म आणि कृषीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गट आहे. यातलं तिला काय आवडेल, ते तिनं सांगायचं.

आता तुमच्या तीन फायली. परीक्षा केंद्रावर आरक्षणाचे कागद लागतात, हा समज फार घरांत आहे. वीस-वीस वर्षांचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन पालक उन्हात उभे असतात. गेटवर जातीचा दाखला कोणी मागत नाही. व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल, मेमो यांचं काम निकालानंतर, प्रवेशाची नोंदणी आणि कागदपत्रांची तपासणी सुरू होते तेव्हा. मूळ व्हॅलिडिटी गर्दीत हरवली तर दुसरी प्रत काढायला किती हेलपाटे पडतील, याचा विचार करा. या फायली कपाटात ठेवा आणि त्यातल्या नॉन-क्रिमिलेअरची मुदत मात्र आजच बघा. राज्याच्या प्रवेशाला त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं प्रमाणपत्र लागतं. ओबीसी असाल आणि देशपातळीवरच्या कोट्यातूनही अर्ज करायचा असेल, तर केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. यासाठी तहसीलमध्ये घालवलेला एक दिवस तिच्या खरोखर उपयोगी पडेल.

केंद्रावर न्यायचं सामान एका पारदर्शक पाउचमध्ये मावतं. प्रवेशपत्राची सगळी पानं छापून घ्या, शक्यतो दोन प्रती. फोटोच्या पानावर पांढऱ्या पार्श्वभूमीचा चार बाय सहा इंचांचा पोस्टकार्ड आकाराचा फोटो आधीच चिकटवायचा. फॉर्मला जोडला होता तोच पासपोर्ट फोटो हजेरीपटासाठी वेगळा न्यायचा. दोन-तीन जास्तीचे असू द्या. डाव्या अंगठ्याचा ठसा घरून, पण तिची सही पर्यवेक्षकासमोरच. घाईत घरीच सही करून टाकणारी मुलं दरवर्षी भेटतात. ओळखपत्र मूळ हवं, आधार असेल तर आधार. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. पाण्याची बाटली पारदर्शक, तीही लेबल काढलेली. पेन केंद्रावर मिळतं. घड्याळ, पाकीट, पट्टा, कंपासपेटी, मोबाइल यातलं काही आत जात नाही. तिला मधुमेह असेल तर साखरेच्या गोळ्या आणि केळं, सफरचंद, संत्रं असं फळ नेता येतं, पण कागदात गुंडाळलेलं चॉकलेट किंवा सँडविच नाही. हे सगळं तिच्या प्रवेशपत्रावरच्या सूचनांशी ताडून बघा. माझ्या यादीत आणि त्यात फरक दिसला तर प्रवेशपत्राचं ऐकायचं.

कपडे साधे, अर्ध्या बाह्यांचे. पायात बूट नकोत, सपाट चप्पल चालते. केसांना पिनेऐवजी साधा रबर, कानांत काही नाही. आणि झडती होणार आहे, ती सगळ्यांचीच होते, हे तिला आधी सांगा. तिचा अपमान करायला कोणी ते करत नाही, हे कळलेलं असलं की हात वर करून उभं राहणं सोपं जातं. पूर्ण बाह्यांचा किंवा धर्माच्या रीतीचा पोशाख घालायचाच असेल तर तिनं लवकर पोचावं, म्हणजे तपासणीला वेळ मिळतो.

गेट दीडला बंद होतं, पेपर दोनला सुरू होतो. दीडनंतर एक मिनिट उशीर झाला तरी आत घेत नाहीत, आणि त्यावर रडून-भांडून काही होत नाही. निलंग्याहून नांदेड जवळ नाही. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा आणि संध्याकाळी केंद्र बघून या, कारण एकाच नावाच्या शाळेच्या दोन इमारती दोन टोकांना असू शकतात. मे महिन्यातलं नांदेडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. सात जण कशाला? सात जणांचं जेवण, पाणी, सावली आणि सात जणांच्या सूचना, या सगळ्यात ती यजमान होऊन बसेल. तिच्याबरोबर एकच माणूस जाऊ द्या, आणि तो कोण, ते तिला ठरवू द्या. तिनं आईचं नाव घेतलं तर मनाला लावून घेऊ नका.

फॉर्म तुम्ही भरलात, पासवर्ड तुमच्याकडं, फाइल तुमच्या काखेत. तुम्ही हे मायेनं केलंत. पण डॉक्टर होऊ बघणाऱ्या मुलीला स्वतःचा अर्ज क्रमांक माहीत नाही, आणि तुम्ही म्हणता तिला काही सुचत नाही. तिला सुचायला जागा कुठं आहे? आज रात्री लॉगिन तिच्या हातात द्या. प्रवेशपत्र तिला डाउनलोड करू द्या, सूचना तिला मोठ्यानं वाचू द्या, पाउच तिला भरू द्या. एखादी गोष्ट राहिली असं वाटलं तर तिला विचारा, स्वतः घालू नका.

गेटवर मोबाइल नसेल, त्यामुळं पाचनंतर कुठं भेटायचं ते सकाळीच ठरवा. एखाद्या ठळक दुकानाची पायरी पुरे. ती बाहेर आली की ‘किती सोडवले’ हा प्रश्न नको. आधी जेवू द्या. क्लासची उत्तरसूची त्याच रात्री मोबाइलवर येईल, ती तिच्यासमोर उघडू नका. ओएमआरची प्रत आणि अधिकृत तात्पुरती उत्तरसूची एनटीए ही परीक्षा घेणारी संस्था पुढं प्रसिद्ध करते, तेव्हा ती बसून स्वतः ताळा करेल. त्यात काही शंका आली, किंवा पुढच्या वाटांबद्दल बोलायचं असलं, तर पुढचं पत्र तिला लिहू द्या.