दर सांगून गप्प बसता येईल का?

"मॅडम, मला मार्केटिंग जमत नाही." शुभाताई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. (नाव बदललंय. गाव डोंबिवलीच ठेवलंय, कारण घरगुती फराळ करणाऱ्या बायका इथे इतक्या आहेत की त्यावरून कुणी ओळखू यायचं नाही.)

श्रावणातली दुपार होती. पुढ्यात गौरीच्या ऑर्डरी आणि मागोमाग दिवाळी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: माल खपतो, लोक नावाजतात, पण दिवाळी सरली की हातात काही उरत नाही, दर वाढवावा तर गिऱ्हाईक तुटेल. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या दर तिसऱ्या घरगुती व्यावसायिकाचं हेच दुखणं असतं. मग ती केक करणारी असो, शिवणकाम करणारी असो की शिकवण्या घेणारी.

त्याआधी त्यांनी ६,००० रुपये भरून एक ऑनलाइन वर्कशॉप केला होता. तिथे सांगितलं, रोज एक रील टाका. मागच्या दिवाळीत या बाईंनी एकही जाहिरात न करता ९० किलो चकली विकली होती. त्यांना मार्केटिंग येत नाही असं सांगून ६,००० घेणाऱ्याला मात्र ते उत्तम येतं, एवढंच मी म्हणेन.

"हिशेब कशात लिहिता?" मी विचारलं. त्यांनी पिशवीतून गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. ऑक्टोबरच्या पानावर प्रत्येक चौकोनात वर दुधाचा आकडा, खाली ऑर्डरी. 'नाईक काकू २ कि.', 'जोशी १ कि. (?)'. हे प्रश्नचिन्ह कसलं, म्हटलं. "पैसे यायचेत ते." अशी १९ प्रश्नचिन्हं मोजली आम्ही. आणि तोवर दुसरी दिवाळी दारात आली होती!

मग कागद घेऊन एक किलो चकली मांडली. दर होता ३२०. भाजणीचं धान्य आणि दळण ७५, मोहन आणि तळण मिळून तेल ६०, तीळ-ओवा-तिखट १५, गॅस २०, पिशवी-लेबल १५. इथे त्या थांबल्या. त्यांच्या मते झाला खर्च, १८५. मी विचारलं, मोडलेल्या चकल्यांचं काय? त्या घरात खातात म्हणे. किलोमागे २० रुपये त्याचे. घरपोच द्यायला रिक्षा, सरासरी १५. झाले २२०. उरले १००.

"वेळ किती लागतो?" यावर त्या हसल्याच. वेळ कुणी मोजतं का! तरी बसून मोजला. बाजार, धुणं, वाळवणं, भाजणं, गिरणी, पीठ मळणं, पाडणं, तळणं, निववून भरणं, पोचवणं. किलोमागे अडीच तास. म्हणजे ताशी ४० रुपये.

"लाडू वळायला मावशी येतात ना तुमच्याकडे? त्यांना काय देता?"

"सहा तासांचे साडेचारशे."

पुढचा भागाकार त्यांनी स्वतःच केला, मनातल्या मनात. ७५. नंतर बराच वेळ त्या कॅलेंडरच्या कडेला नख घासत बसल्या.

घरगुती उद्योगात हीच खोट सगळ्यांत जास्त दिसते. साहित्याचा खर्च धरतात, स्वतःची मजुरी धरत नाहीत, आणि उरेल त्याला नफा म्हणतात. लिज्जत पापडची गोष्ट आपल्याकडे सगळे सांगतात: १९५९, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. पण त्यातली कामाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तिथे पापड लाटून आणणाऱ्या बहिणीला लाटण्याची मजुरी मिळते; नफा-तोट्याचा विचार त्यानंतरचा. हात राबला तर त्याचे पैसे आधी. शुभाताईंच्या वहीत, म्हणजे कॅलेंडरमध्ये, त्या हातांना रकानाच नव्हता.

आता माझी चूक सांगते. हिशेब इतका लख्ख झाला म्हटल्यावर मला वाटलं, काम झालं. दर ४२० करा, अर्धे पैसे ऑर्डरीबरोबर घ्या, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. गणपती झाल्यावर त्या आल्या. गौरीचा सगळा फराळ जुन्याच दराने गेला होता. वर प्रत्येक घरी चिवड्याचं एक पाकीट फुकट!

"का हो?"

"काकूंनी दार उघडलं नि तोंडातून ३२०च निघालं."

तेव्हा कुठे मी विचारायला हवं होतं ते विचारलं: सुरुवात कशी झाली? लॉकडाऊनच्या वर्षी यजमानांचा पगार निम्म्यावर आला. सोसायटीतल्या पाच-सहा घरांनी गरज नसताना किलो-किलो चकली घेतली. नाईक काकूंनी तर पैसे आधी दिले, तेही न मागता. ते सांगताना शुभाताईंचा आवाज बसला. त्यांच्या लेखी चकलीचा दर वाढवणं म्हणजे त्या माणसांना विसरणं होतं. आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. हे त्यांनीच मला ऐकवलं, आणि पुढे म्हणाल्या, "पण ही भीड नाही मॅडम, हे ऋण आहे."

बरोबर होतं त्यांचं. मी हिशेबाचं उत्तर दिलं होतं आणि प्रश्न ऋणाचा होता. मग आम्ही दोन्ही वेगळं केलं. खरा हात देणारी घरं किती, त्यांची नावं लिहायला सांगितली. भरली सहा. एकूण गिऱ्हाईक ६२ घरांचं. म्हणजे सहा घरांच्या उपकाराची फेड ६२ घरांना सवलत देऊन चालली होती, आणि बाकीच्या ५६ घरांना त्याचा पत्ताही नव्हता. ठरलं असं की त्या सहा घरी लक्ष्मीपूजनाला एक डबा भेट जाईल, नाव घालून. दर मात्र त्यांनाही सगळ्यांसारखाच.

मग सराव. मी नाईक काकू झाले. "काय गं, यंदा चकली काय भावाने?"

"काकू, यंदा ४२०. म्हणजे तेल फार वाढलंय ना... पण तुम्हाला ३८० ला देते."

काकूंनी हूं का चूं केलं नव्हतं. माणूस दर सांगतो तेव्हा फसत नाही, नंतरच्या शांततेत फसतो. समोरची व्यक्ती नुसता विचार करत असते, आणि आपण ती गप्प जागा भरायला स्वतःच पैसे कमी करतो. नोकरीत पगाराची बोलणी करतानाही नेमकं हेच होतं. तिशीतले इंजिनियर माझ्यासमोर बसून आकडा सांगतात आणि त्याच दमात "पण थोडं इकडेतिकडे चालेल" म्हणून मोकळे होतात. शुभाताईंना एकच नेम दिला: आकडा सांगायचा आणि मनात पाच अंक मोजायचे. तिसऱ्या खेपेला त्यांनी चक्क पदर तोंडावर धरला. चौथ्या खेपेला जमलं.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. ऑर्डर वसुबारसेच्या आठ दिवस आधी बंद. पैसे आधी, क्यूआर कोड दारावर. अन्नपरवान्याची नोंदणी त्यांनी केलेली होती, पण त्याचा १४ आकडी क्रमांक लेबलवर नव्हता. तो छापून घेतला. तुकडा वेगळा भरून स्वस्तात ठेवला, भेळेसाठी लोक नेतात. आणि रीलच्या नादात जे सुचलं नव्हतं ते गिऱ्हाइकांनीच सुचवलं: मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या दोघींनी नुसती भाजणी मागितली. भाजणीला तळण नाही, मोडतोड नाही. खरं कसब तर भाजण्यातच आहे.

दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या, या वेळी वही घेऊन. चकली ९० वरून ६८ किलोवर आली होती. ११ घरं सुटली. त्यातलं एक घर त्या सहांपैकी होतं, आणि ते त्यांना लागलं. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं. आम्ही थोडा वेळ त्याबद्दल नुसतं बोललो. पण किलोमागे आता २०० उरत होते. एकूण १३,६००, आदल्या वर्षी ९,०००. तास २२५ ऐवजी १७०. ताशी ८०.

"मावशींपेक्षा पाच रुपये जास्त," त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

नाईक काकूंचं काय झालं, मी विचारलं. काकू म्हणाल्या होत्या, "मागच्या वर्षी ३२० होती ना गं?" शुभाताई "हो" म्हणाल्या आणि मोजायला लागल्या. तीनपर्यंत पोचल्या तोच काकूंनी पर्स उघडली.

नणंदेला मात्र चकली अजून फुकटच जाते. तो विषय आम्ही अजून काढलेला नाही.