वाळूच्या ढिगाच्या मॉडेलचे नियम थोडे बदलले, तर घातांक तेच राहतात का?

या मॉडेलमध्ये जाळीच्या घरांत वाळूचे कण टाकत जायचे आणि घरं कशी कोसळतात ते पाहायचं; मोठ्या कोसळण्या किती झपाट्यानं विरळ होतात, हे घातांक सांगतो. उत्तर तुम्ही काय बदलता त्यावर आहे. चौकोनी जाळीऐवजी त्रिकोणी घेतलीत तर घातांकाला त्याचं सोयरसुतक नसावं, अशीच अपेक्षा असते. पण कण कुणाकडे जाणार हे नाणं उडवून ठरवायला लागलात, की प्रकरण वेगळं होतं.

मूळ मॉडेल बाक, तांग आणि वीझनफेल्ड यांचं, १९८७ चं. एखाद्या घरात चार कण जमले की ते कोसळतं आणि चारही शेजाऱ्यांना एकेक कण देतं. कडेचं घर असेल तर तिकडचा कण बाहेर पडतो. कागदावर करून बघा. २ × २ ची चौकट, प्रत्येक घरात तीन कण. एका कोपऱ्यात एक कण टाका. दोन कण बाहेर, दोन शेजाऱ्यांकडे. शेजाऱ्यांचे चार-चार झाले, म्हणजे तेही कोसळणार. मग समोरच्या कोपऱ्यात पाच, तोही गेला. उरले २, १, १, १. तेरापैकी आठ कण चौकटीबाहेर. दोन शेजाऱ्यांपैकी आधी कुणाला पाडलंत यानं उत्तर बदलत नाही. दीपक धर यांनी १९९० मध्ये या मॉडेलचं गणित याच गुणधर्मावर उभं केलं.

मोठ्या चौकटीत कोसळण्यांची संख्या s असण्याची शक्यता साधारण s च्या −τ घाताप्रमाणे घटते. वाद या τ चा. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मन्ना यांनी नियम बदलला: घरात दोन कण झाले की ते यदृच्छेनं निवडलेल्या शेजाऱ्यांकडे जातात. हा वेगळा वर्ग (म्हणजे वेगळे घातांक असलेला गट) की मूळ मॉडेलचाच, यावर बरीच वर्षं भांडण चाललं, कारण संगणकावर आकडे जवळजवळ येतात. मीही एकदा १२८ × १२८ च्या चौकटीवर लॉग आलेखाला (ज्यात घाताप्रमाणे घटणारी गोष्ट सरळ रेघ दिसते) पट्टी लावून ‘दोन्ही एकच’ असं ठामपणे लिहून दिलं होतं. सरळ रेघ डोळ्याला फार लवकर दिसते!

दोन मितींत मन्ना मॉडेलचा τ १.२७ च्या आसपास येतो आणि वेगवेगळ्या आकारांच्या चौकटींचे आलेख, मोजमाप जुळवून घेतलं की, एकमेकांवर नीट बसतात. मूळ मॉडेलमध्ये ते बसतच नाहीत. मोठ्या, विरळ कोसळण्या लहानांपेक्षा निराळ्या वागतात, एका घातांकात मावत नाहीत. म्हणजे ‘दोघांचा τ सारखा का’ हा प्रश्नच नीट मांडलेला नव्हता.

संगणकावर विश्वास नसेल तर कण फक्त उताराच्या दिशेनं जाणारं मॉडेल घ्या. धर आणि रामस्वामी यांनी १९८९ मध्ये ते नेमकं सोडवलं: दोन मितींत τ = ४/३. त्यातच कोणता कण कुठे जाणार हे यदृच्छेवर सोडलं, तर १०/७ मिळतो. १.३३ आणि १.४३. इथे पट्टी कितीही तिरकी धरलीत तरी फरक लपत नाही.