उपग्रह अमेरिकेत बांधलेला, तरी इंडोनेशियाचा कसा?

प्रश्न : इंडोनेशियाचा ‘पालापा’ हा एखाद्या विकसनशील देशाचा पहिला राष्ट्रीय दळणवळण उपग्रह मानला जातो. परंतु तो बांधला अमेरिकी कंपनीने आणि सोडलाही अमेरिकी अग्निबाणाने. मग त्याला ‘राष्ट्रीय’ कशाच्या आधारे म्हणायचे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ‘पालापा ए-१’ ह्यूज कंपनीने बांधला आणि ८ जुलै १९७६ रोजी केप कॅनाव्हरल येथून डेल्टा अग्निबाणाने तो अवकाशात गेला. त्याच साच्याचे उपग्रह कॅनडा आणि अमेरिकेने आधीच वापरात आणले होते. तेव्हा इंडोनेशियाने तयार माल विकत घेतला, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढता येणार नाही.

मात्र असा उपग्रह स्वतः काही बोलत नाही. जमिनीवरून आलेला संदेश वर झेलायचा आणि पुन्हा खाली पाठवायचा, एवढेच त्याचे काम. खरी मालकी ठरते ती त्याचे नियंत्रण कोणाकडे आहे आणि त्याच्या १२ ट्रान्सपाँडरांपैकी (म्हणजे संदेश झेलून परत पाठवणाऱ्या उपकरणांपैकी) कोणता कोणी वापरायचा हे कोण ठरवतो, यावरून. पालापाचे मुख्य नियंत्रण केंद्र बोगोरजवळच्या चिबिनोंगला होते, देशभर ४० भूकेंद्रे उभारण्यात आली होती आणि कारभार पेरुमतेल या सरकारी दूरसंचार संस्थेकडे होता. पुढे फिलिपिन्स, थायलंड आणि मलेशिया यांनी याच यंत्रणेतील क्षमता भाड्याने घेतली. स्वतःची नसलेली वस्तू कोणी भाड्याने देत नाही.

गरजही अस्सल होती. १७ हजारांहून अधिक बेटे आणि पूर्व-पश्चिम सुमारे ५,००० किलोमीटरचा विस्तार असलेल्या देशात समुद्राखालून तारा टाकणे किंवा दर काही मैलांवर मनोरे उभारणे हे अतिशय खर्चिक काम. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहाला मात्र शेजारची बेटे आणि दोन टोकांची बेटे सारखीच. या सोयीची किंमत फोनवर कळे : आवाज वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो, म्हणजे उत्तर कानी पडेपर्यंत अर्धा सेकंद जातो, आणि तेवढ्यात ‘ऐकू येत नाही की काय’ असे वाटून माणूस पुन्हा बोलू लागतो.

नावाकडेही लक्ष द्यावे. जावा बेटावरील मजापहित राज्याचा चौदाव्या शतकातील प्रधान गजाह मदा याने, सारी बेटे एका सत्तेखाली येईपर्यंत ‘पालापा’ (बहुधा एक मसाला) चाखणार नाही, अशी शपथ घेतल्याचे सांगतात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीने हेच नाव निवडावे, हा निव्वळ योगायोग नव्हे. पालापावरून दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी दोन्ही चालत. दूरध्वनीवर दोन्ही बाजू बोलत; दूरचित्रवाणीवर मात्र जकार्ता बोले आणि बेटे ऐकत. शहरी चैनीचे चित्र खेड्यापाड्यांत पोहोचू लागल्याचीही सरकारला धास्ती वाटली असावी, कारण १९८१ मध्ये सरकारी वाहिनीवरील जाहिरातीच बंद करण्यात आल्या. आमच्या मते ‘राष्ट्रीय’ या शब्दाची खरी परीक्षा उपग्रहाच्या कारखान्यात नव्हे, तर त्यावरून कोण बोलतो आणि कोण ऐकतो, येथे होते.

प्रश्न : पालापा मालिकेतील एक उपग्रह अवकाशातून परत आणला होता, हे खरे का?

उत्तर : होय, ‘पालापा बी-२’. फेब्रुवारी १९८४ मध्ये ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अंतराळयानातून सोडल्यावर त्याला वर ढकलणारी मोटर नीट चालली नाही. नोव्हेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी’ या दुसऱ्या यानाच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर आणला आणि दुरुस्तीनंतर १९९० मध्ये तो पुन्हा सोडण्यात आला.