पदवी नुकतीच मिळाली. आयुष्यात यशस्वी व्हायला चारित्र्य महत्त्वाचं की कौशल्य? सुरुवात नेमकी कुठून करावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की घरचे म्हणतात ‘प्रामाणिक राहा’ आणि नोकरीला लागलेले मित्र म्हणतात ‘चुका झाकायला शीक, नाहीतर टिकणार नाहीस’. मी या दुसऱ्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलोय. यशाचं नंतर बघू.

वेळेवर पोचा, शिकत राहा वगैरे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडून देतो.

नवीन माणसाला लाच द्यायला कोणी येत नाही. त्याच्या चारित्र्याची परीक्षा फार किरकोळ ठिकाणी होते. समजा ३०० ओळींची एक्सेल फाइल आहे: नाव, खाते क्रमांक, रक्कम. तुम्ही फक्त रकमेचा स्तंभ निवडून तो उतरत्या क्रमाने लावलात. शेजारचे स्तंभ सोबत घेऊ का, असं एक्सेल विचारतं, पण घाईत ‘आहे तेवढंच’वर टिचकी पडते. आता रकमा भलत्याच नावांसमोर गेल्या. आणि खालची बेरीज मात्र पैशाला पैसा जुळते, कारण आकडे तेच आहेत, फक्त जागा बदलल्यात. बेरीज जुळली म्हणून फाइल जाते. दोन तासांनी तुमच्या पोटात गोळा येतो.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? गुपचूप फाइल दुरुस्त करून त्याच नावाने पुन्हा पाठवतात, ‘सुधारित प्रत जोडली आहे’ एवढंच लिहून. मूळ फाइलवरच काम केलेलं असतं, त्यामुळे आधी नेमकं काय गेलं होतं हे दाखवायला हातात काही उरत नाही. तोवर कोणीतरी जुनी फाइल पुढे पाठवलेली असते, म्हणजे एकाच नावाच्या दोन फायली फिरू लागतात. आणि धास्तीत केलेल्या दुरुस्तीत हमखास दुसरी चूक होते. पहिली चूक नजरचुकीत गेली असती. लपवलेली उघडी पडली की पुढे तुमच्या बरोबर कामावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

करायचं ते असं. चुकीची फाइल आहे तशी, नावात वेळ घालून बाजूला ठेवा. मग आधी फोन: ‘ती फाइल वापरू नका.’ मग लेखी:

‘दुपारी २:४० ला पाठवलेल्या फाइलीत रकमा चुकीच्या नावांसमोर आहेत. एकूण बेरीज बरोबर आहे, पण कोणतीही ओळ ग्राह्य धरू नये. फाइल पुढे कुणाला गेली असल्यास कळवा, त्यांना मी थेट सांगतो. दुरुस्त फाइल ५:३० पर्यंत देतो, २० ओळी मूळ नोंदींशी ताडून.’

यात ‘का झालं’ नाही, ते उद्या. माफीही एका शब्दात मागा. तीन ओळींची माफी वाचणाऱ्याला तुमची समजूत काढत बसायला लावते. उद्या सांगताना उपायासकट सांगा: आधी सगळ्या माहितीचं टेबल करायचं म्हणजे क्रम लावताना अख्खी ओळ हलते, आणि बेरीज पाहून न थांबता मधल्याच काही ओळी मूळ नोंदींशी ताडायच्या. (अनुक्रमांकाचा स्तंभ घाल, असा सल्ला कोणीतरी देईलच. एकटा रकमेचा स्तंभ हलला तर अनुक्रमांक जागचा हलत नाही, त्यामुळे इथे त्याचा काडीचा उपयोग नाही.)

यावर ठरलेलं उत्तर येतं: छोटी चूक सांगणं ठीक, मोठी सांगितली की माणूस संपला.

मग विल्यम लेमेझर या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं बघा. न्यूयॉर्कची ५९ मजली सिटीकॉर्प इमारत १९७७ मध्ये पूर्ण झाली, तिचा सांगाडा त्याचा. जागेच्या एका कोपऱ्यात चर्च होतं, म्हणून इमारतीचे प्रचंड खांब चार कोपऱ्यांत न घेता चार बाजूंच्या मधोमध घेतलेले. इतक्या उंच इमारतीला वारा हा खरा शत्रू. तिथल्या तेव्हाच्या नियमांनुसार बाजूंवर सरळ येणाऱ्या वाऱ्याचंच गणित करणं पुरेसं होतं. १९७८ मध्ये त्याने तिरप्या, कोपऱ्यावर येणाऱ्या वाऱ्याचं गणित पुन्हा मांडलं, तर सांगाड्यातल्या काही तिरप्या तुळयांवरचा ताण ४० टक्क्यांनी वाढत होता. त्याच सुमारास त्याला कळलं की सांध्यांचं पूर्ण वेल्डिंग न करता ते बोल्टने जोडलेत. हा बदल त्याच्याच कार्यालयाने, खर्च वाचतो म्हणून, मंजूर केला होता. सांध्यांवर हा वाढीव ताण १६० टक्के निघाला. इमारतीत लोक कामाला बसलेले, आणि पुढे वादळांचा मोसम.

गप्प बसायचा विचार मनात येऊन गेला होता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. पण त्याने वकिलांना, विमा कंपनीला आणि मग इमारत जिची होती त्या सिटीकॉर्प बँकेच्या वरिष्ठांना गाठलं. जाताना नुसती कबुली नेली नाही: काय चुकलं, धोका किती, आणि सांध्यांवर सुमारे पाच सेंटिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या की तो कसा जातो, हे सगळं घेऊन गेला. कर्मचारी घरी गेल्यावर रात्री वेल्डिंग चालायचं. काही आठवड्यांत काम झालं. त्याचं करिअर बुडालं नाही. पुढे विद्यार्थ्यांना हे प्रकरण तो स्वतः शिकवायचा. वरच्या त्या चार वाक्यांत आणि त्याने नेलेल्या कागदांत मला तरी आकाराखेरीज फरक दिसत नाही.

आता कौशल्याकडे. तुमच्या शाखेचं कौशल्य तुम्ही जाणा, पण कुठल्याही शाखेत कमी पडतं ते तारीख देण्याचं कौशल्य. ‘होईल’ ही तारीख नव्हे. कामाचे तुकडे करा, कुठलाही तुकडा अर्ध्या दिवसाहून मोठा नको, मग बेरीज करा. जे कधीच केलेलं नाही त्या तुकड्याला दुप्पट वेळ धरा. आणि निम्मा वेळ संपला की त्याच दिवशी बघा, निम्मं काम झालंय का? नसेल तर तेव्हाच सांगा. त्या टप्प्यावर वरिष्ठाच्या हातात माणूस वाढवणं, काम कापणं, तारीख हलवणं असे मार्ग असतात. शेवटच्या संध्याकाळी त्याच्या हातात फक्त राग असतो.

आणि पैसे. चारित्र्याच्या प्रश्नात पैसे कुठून आले म्हणाल, तर ‘यावर सही करणार नाही’ हे वाक्य बँक खात्यातून येतं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असला की ते तोंडातून निघतं. पगाराचा तिसरा हिस्सा वाचवलात तर तेवढी रक्कम १२ महिन्यांत जमते, पाचवा हिस्सा वाचवलात तर २४, आणि दहावाच वाचवलात तर ५४. वाचवणं कमी म्हणजे खर्च जास्त, म्हणून हा आकडा असा भराभर चढतो. पहिल्याच वर्षी मोठा हप्ता गळ्यात बांधून घेणारा माणूस वाईट नसतो, त्याला ‘नाही’ म्हणणं परवडत नाही इतकंच.

आता थोडं सावध करायला हवं. प्रामाणिकपणा म्हणजे स्वतःच्या चुकीबद्दल बोलणं, शेजारच्याच्या नव्हे. त्याची चूक दिसली तर आधी त्यालाच सांगा. जिथे सांगणाऱ्यालाच बळी देतात तिथे तोंडी भरवशावर राहू नका, लेखी ठेवा आणि दुसरी नोकरी शोधा. आणि सिटीकॉर्पची गोष्ट पूर्ण धुतल्या तांदळासारखी नाही. इमारतीतल्या आणि आसपासच्या लोकांना खरा धोका कोणी सांगितला नाही, सगळं प्रकरण १९९५ मध्ये छापून आलं. वरच्यांना सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं असं होत नाही.

राहिले तुमचे मित्र. त्यांचा दोष थोडाच, त्यांना ‘आधी निस्तर, मग सांग’ हे शिकवणारे वरिष्ठ असतात. माझा जुना वाद त्यांच्याशीच आहे. ‘तुम्ही सोडून सगळे असंच करतात’ हे त्यांचं वाक्य मला पाठ झालंय. असे लोक नव्या मुलांना चलाख बनवतो समजतात, आणि वर्षभराने ‘मला कोणी काही सांगतच नाही’ म्हणून बैठकीत टेबल आपटतात. अहो, तुम्हीच शिकवलंत ना!

म्हणून मुलाखतीत ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ असं म्हणतील तेव्हा पगाराआधी एक विचारा: ‘मागच्या वर्षभरात इथे कोणी स्वतःहून चूक सांगितली असा एखादा प्रसंग आहे का, आणि पुढे काय झालं?’ कोणी हसून तपशिलात सांगायला लागलं तर तिथे जा. दोघांनी एकमेकांकडे पाहून ‘आमच्याकडे चुका होत नाहीत’ म्हटलं, तर पुढचा अर्ज तयार ठेवा.